फुप्फुस नवं, किडनी जुनीच!

आमच्या वहिनीचा फोन रात्री साडेअकराला आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. एरवी ही बाई साडेनऊला गाढ झोपलेली असते. त्या रात्री ती हैदराबादहून बोलत होती.

"अगं, फुप्फुस चांगलं चालायलंय म्हणायलेत डॉक्टर. पण ह्यांना लघवीच होईना झाली. लघवीचा आन् फुप्फुसाचा काय संबंध गं?"

मी पुण्यात, बाणेरच्या फ्लॅटमध्ये, मांडीवर लॅपटॉप. माझा धंदा भविष्य सांगण्याचा! म्हणजे डेटा सायन्स. मोबाइल कंपनीचा कोणता ग्राहक पुढच्या महिन्यात दुसरीकडे पळणार, हे आधी ओळखायचे मला पैसे मिळतात आणि मी बऱ्यापैकी ओळखतेही. पण वहिनीच्या प्रश्नावर माझी बोलती बंद.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. वसमतचा. घरची हळदीची आडत. २०२१च्या दुसऱ्या लाटेत त्याला कोरोना झाला. वाचला, पण फुप्फुसं जी आक्रसली ती पुन्हा सुटलीच नाहीत. ते वर्ष हिंगोली जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. त्याच मे महिन्यात आमच्या जिल्ह्याचे माजी खासदार राजीव सातव कोरोनानंतरच्या गुंतागुंतीने पुण्यात गेले. अवघे ४६ वर्षांचे. सायटोमेगॅलोव्हायरस हा तोंड वाकडं करणारा शब्द तेव्हा चहाच्या टपऱ्यांवर ऐकू यायचा. आणि दादाच्या घरात रात्रंदिवस ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं.

पुढे नांदेड, मग हैदराबाद. आमच्याकडचा माणूस मुंबईच्या आधी हैदराबादकडेच बघतो, निजामाच्या काळापासूनची सवय. दोन एकर शेत गेलं. तेलंगणाच्या 'जीवनदान' योजनेच्या यादीत नाव लागलं. भाड्याच्या एका खोलीत आठ महिने वाट पाहण्यात गेले. २०२२च्या डिसेंबरात एका रात्री बोलावणं आलं आणि दादाची दोन्ही फुप्फुसं बदलली. आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी वहिनीचा हा फोन.

पहिल्याच पेशंटपासूनचं दुखणं

त्या रात्री झोप येणं शक्यच नव्हतं. वाचत बसले. आणि जे सापडलं त्याने उडालेच.

जगातलं पहिलं फुप्फुस प्रत्यारोपण जून १९६३मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीत झालं. सर्जन डॉ. जेम्स हार्डी. पेशंट जॉन रसेल, खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा कैदी, फुप्फुसाचा कॅन्सर झालेला. तो १८ दिवस जगला. बसवलेलं फुप्फुस काम करत होतं. तो गेला तो किडनी निकामी होऊन! त्याच्या किडन्या आधीपासूनच कमकुवत होत्या.

त्यानंतर वीस वर्षं जगभर प्रयत्न झाले, पण कुणी फार टिकलं नाही. १९८३मध्ये कॅनडात टोरांटोला डॉ. जोएल कूपर यांनी टॉम हॉल या ५८ वर्षांच्या माणसाचं एक फुप्फुस बदललं, तो पहिला खऱ्या अर्थाने यशस्वी पेशंट. सहा वर्षांहून जास्त जगला. आणि गेला कशाने? किडनी निकामी होऊन. आता बोला!

म्हणजे वहिनीने विचारलेला 'काय संबंध' या ऑपरेशनच्या जन्मापासून होता. फुप्फुस बदललेल्या पेशंट्सपैकी साधारण निम्म्यांच्या किडनीला ऑपरेशननंतर अचानक इजा होते आणि सुमारे दहातल्या एकाला डायलिसिसवर जावं लागतं. २०१९मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. बहुतेकांच्या किडन्या सावरतात. पण ज्यांना हा फटका बसतो त्यांचं पुढचं आयुष्य बाकीच्यांपेक्षा अवघड जातं, हेही त्याच अभ्यासांत दिसतं.

एकाला कोरडं, दुसऱ्याला ओलं

कारणं ऐकलीत तर किडनीची दया येईल. ऑपरेशन तासन्‌तास चालतं. रक्त जातं, बाहेरचं रक्त द्यावं लागतं, ब्लडप्रेशर खालीवर होतं. बऱ्याचदा एक्मो मशीनवर रक्त फिरवावं लागतं. शरीराने नवं फुप्फुस परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर घ्यायची, आणि नेमकी तीच किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतात. इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेली काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधंही किडनीला जड.

पण खरी गोम पाण्यात आहे. नवं फुप्फुस म्हणजे पाणी झिरपणारी भिंत. त्यातला जादा ओलावा वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या ऑपरेशनमध्ये कापल्या गेलेल्या असतात. थोडं जास्त पाणी झालं की ते फुप्फुसात साचतं. म्हणून डॉक्टर पेशंटला कोरडं ठेवतात, सलाइन मोजून, लघवी वाढवायची इंजेक्शनं वेळेवर. आणि किडनीला तर नेमका रक्ताचा भरपूर प्रवाह हवा असतो! एकाला कोरडं, दुसऱ्याला ओलं. एकाच बांधावरच्या दोन शेतांचं भांडण समजा. पाणी कुणाच्या वाफ्यात सोडायचं, हे आयसीयूमधला डॉक्टर तासातासाला ठरवत असतो.

बरं, किडनी दुखावल्याचं कळतं केव्हा? उशिरा. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं की कळतं, आणि ते वाढायला एक-दोन दिवस जातात. डॉक्टरांचे २०१२पासूनचे आंतरराष्ट्रीय निकष असे: क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ने वाढलं, किंवा आठवड्यात दीडपट झालं, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली. खोकल्याच्या औषधाची दोन-तीन झाकणं.

यात आणखी एक मेख. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. दीड वर्ष आजारी असलेला दादा काडीसारखा झाला होता, त्याचं मूळचं क्रिएटिनिन होतं ०.५. ऑपरेशननंतर झालं ०.९. लॅबच्या कागदावर ०.९ 'नॉर्मल'च्या रांगेत बसतं, ठळक अक्षरात येत नाही. प्रत्यक्षात ते जवळजवळ दुप्पट झालेलं होतं. मी नंतर रिपोर्टची चळत लावून बसले तेव्हा मला हे दिसलं. (आयसीयूतल्या रेसिडेंटला ते आधीच दिसलं होतं. त्याने औषधाचा डोसही कमी केला होता. मी काही फार मोठा शोध लावला नव्हता.)

दादाला नऊ दिवस डायलिसिस लागलं. दहाव्या दिवशी वहिनीने व्हॉट्सअॅपवर लघवीच्या पिशवीचा फोटो टाकला. खाली कॅप्शन: '४०० मिली!!!' आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या दिवशी हार्ट इमोजींचा पाऊस पडला. लघवीच्या फोटोला एवढे लाइक्स दुसऱ्या कुठल्या घरात मिळाले असतील तर कळवा!

पाणाड्या आणि अल्गोरिदम

घरी आल्यावर माझ्या डोक्यात एकच. मोबाइलचा ग्राहक पळणार हे महिनाभर आधी कळतं, मग किडनी पळणार हे दोन दिवस आधी का कळू नये?

कळू शकतं, निदान कागदावर तरी. २०१९मध्ये गूगलच्या डीपमाइंड कंपनीने 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटल्समधले ७ लाखांहून जास्त पेशंट्स. त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट, औषधं, नोंदी असं सगळं मशीनला खाऊ घातलं. हॉस्पिटलात किडनीला इजा झाली अशा प्रसंगांपैकी ५५.८ टक्के त्याने ४८ तास आधीपर्यंत ओळखले. दर एका खऱ्या धोक्यामागे दोन खोटे इशारे दिले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

ही मशीन लर्निंगची भानगड आहे काय? आमच्या भागात बोअर घ्यायचा तर आधी पाणाड्याला बोलवतात. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात फिरतो. नारळ उभा राहिला, की 'इथं खणा'. अल्गोरिदमही एका अर्थी पाणाड्याच. हजारो जुनी रानं बघतो, कुठे पाणी लागलं आणि कुठे कोरडं गेलं ते पाहतो. मग स्वतःचे प्रश्न तयार करतो. ब्लडप्रेशर किती वेळ खाली होतं? रक्ताच्या किती बाटल्या दिल्या? एक्मो लागलं का? आधीचं क्रिएटिनिन किती? असे शेकडो छोटे प्रश्न एकमेकांवर रचले की एक आकडा बाहेर पडतो, या पेशंटला धोका इतके टक्के. फरक एवढाच, की गावात पाणाड्याच्या लागलेल्या बोअरच्या गोष्टी सांगतात, कोरड्या गेलेल्या विसरतात. इथे कोरड्याही मोजाव्या लागतात.

मीही करून पाहिलं. बॉस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलने आपल्या आयसीयूचा डेटा, पेशंटची ओळख पुसून, संशोधनासाठी खुला ठेवलाय. 'मिमिक' त्याचं नाव. छोटा कोर्स करा, करारावर सही करा, डेटा तुमचा. सहा वीकेंड घालवले. मूव्ही नाही, ट्रेक नाही. आणि रिझल्ट इतका झकास आला की मी स्वतःलाच कॉफी पाजली!

सातव्या वीकेंडला फुगा फुटला. माझ्या मॉडेलचा सगळ्यात लाडका प्रश्न कोणता होता माहितेय? 'रात्री तीनला रक्त तपासायला पाठवलं होतं का?' अरे, रात्री तीनला रक्त पाठवलं म्हणजे कुठल्यातरी डॉक्टरच्या मनात आधीच पाल चुकचुकली होती! माझं मशीन किडनी बघत नव्हतं, ते डॉक्टरच्या कपाळावरची आठी बघत होतं. ती कॉलम काढून टाकली आणि माझा झकास स्कोअर धप्पकन खाली.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला 'लायगो'ची वेधशाळा होणार आहे. २०२३मध्ये केंद्राने तिला मंजुरी दिली. कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरच्या कृष्णविवरांची थरथर पकडायची, आणि ती रस्त्यावरच्या ट्रकच्या थरथरीपासून वेगळी काढायची. मला ते वाचताना जाम आपुलकी वाटते. आयसीयूतही प्रॉब्लेम हाच आहे. खरी थरथर कोणती आणि ट्रक कोणता?

आमचा माणूस त्या डेटात आहे कुठे?

दुसरी अडचण जास्त टोचणारी. डीपमाइंडच्या त्या लाखो पेशंट्समध्ये बायका होत्या जेमतेम सहा टक्के. नंतर मिशिगनच्या संशोधकांनी तशाच मॉडेलची परीक्षा घेतली, तेव्हा ते बायकांच्या बाबतीत कमी पडत असल्याचं दिसलं. मग वसमतच्या हळदीच्या आडत्याचं काय? दीड वर्ष अंथरुणावर पडून ४४ किलोवर आलेल्या माणसाचं काय?

तुम्ही म्हणाल, आपला डेटा वापरा की. तर ऐका. २०२३मध्ये भारतात १३ हजारांहून जास्त किडनी प्रत्यारोपणं झाली. फुप्फुसाची किती? १९७. सगळा देश मिळून! मोबाइल कंपनीच्या एका तालुक्यातसुद्धा एका दिवसात याहून जास्त ग्राहक असतात माझ्याकडे. जगभरातही फुप्फुस प्रत्यारोपणानंतरच्या किडनीचे जे मॉडेल्स छापून आलेत ते बहुतेक एकेका हॉस्पिटलच्या काही शे पेशंट्सवर शिकलेले. एका गावची रानं पाहिलेला पाणाड्या दुसऱ्या गावात नारळ घेऊन फिरतोय, असा प्रकार. माझ्या मते तरी आपल्या देशातल्या हॉस्पिटल्सनी हा डेटा एकत्र केल्याशिवाय यात काही अर्थ नाही. स्पर्धेतली हॉस्पिटल्स ते करतील का, हा मात्र मॉडेलला न सुटणारा प्रश्न.

आणि समजा आकडा बरोबर आला, पुढे काय? यावर दोन अभ्यास वाचले आणि दोन्ही डोक्यात पक्के बसले. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सहा हॉस्पिटल्समध्ये सहा हजारांवर पेशंट्सवर प्रयोग केला, २०२१मध्ये तो प्रसिद्ध झाला. किडनीला इजा झाली की डॉक्टरच्या कम्प्युटरवर टणकन इशारा. निष्कर्ष? पेशंट्सना काहीच फायदा झाला नाही. उलट दोन छोट्या हॉस्पिटल्समध्ये इशारा मिळालेल्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि त्याचं कारण त्यांनाही नीट सांगता आलं नाही. दुसरा प्रयोग जर्मनीतला, २०१७चा, हार्टच्या ऑपरेशनचे २७६ पेशंट्स. तिथे धोका आधी ओळखलाच, पण नुसती घंटा वाजवली नाही. ब्लडप्रेशर आणि पाणी काटेकोर सांभाळायचं, किडनीला जड औषधं टाळायची, साखर ताब्यात ठेवायची, असं अख्खं पॅकेज लगेच सुरू केलं. किडनीच्या इजेचं प्रमाण ७१.७वरून ५५.१ टक्क्यांवर आलं.

ती फुप्फुसांची ऑपरेशनं नव्हती हे खरं. पण मी वहिनीला हे सगळं सांगितल्यावर तिने जो प्रश्न विचारला, तो त्या दोन्ही अभ्यासांच्या बरोबर मधे बसतो.

"बरं, कम्प्युटरनं सांगितलं धोका सत्तर टक्के. मग पाणी किती द्यायचं, हे कोण सांगणार?"

हळद, पपनस आणि वही

तर दादा आता घरी आहे. तीन वर्षं होऊन गेली. हिंगोलीला २०२४मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यामुळे थोडा धीर आला, पण अशा पेशंटचा खरा दवाखाना घरच असतो. क्रिएटिनिन वसमतला होतं. टॅक्रोलिमसची लेव्हल मात्र मोठ्या शहरातल्या लॅबमधून येते, तोवर दोन दिवस हातावर हात.

आणि घरात किडनीचे शत्रू कमी नाहीत. पाठ दुखली की मेडिकलवाल्याकडून आणायची ती पेनकिलरची गोळी बंद. परवानगीशिवाय कुठलंही अँटिबायोटिक बंद, कारण काहींमुळे टॅक्रोलिमस रक्तात भसकन वाढतं. पपनस बंद, तेही तेच करतं. उन्हाळ्यातला जुलाब म्हणजे तर डबल धोका. पाणी कमी होतं आणि औषधाची लेव्हल चढते.

पण कहर ऐका. २०१७मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या पेशंटची हकीकत आली. लिव्हर बदललेला माणूस, टॅक्रोलिमसवर. त्याने कुठूनतरी ऐकून चमच्यावर चमचे हळद खायला सुरुवात केली. औषधाची लेव्हल वाढली आणि किडनी बसली! हळद! ज्या वसमतच्या हळदीला २०२४मध्ये जीआय मानांकन मिळालं, जिच्यावर दादाचं घर चालतं, ती. एका पेशंटवरून नियम ठरत नाही, आणि भाजीतल्या चिमूटभर हळदीची ही गोष्टच नाही. पण आमच्याकडे कुणी आजारी पडलं की 'हळदीचं दूध दे, दोन चमचे घाल' म्हणणाऱ्या डझनभर आत्या-मावश्या असतात. वहिनीने सगळ्यांना हात जोडून दारातच सांगितलंय.

दादाचा सगळ्यात मोठा वनवास वेगळाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद शिजते, वाळते, मग पॉलिशच्या ड्रममध्ये फिरते. पिवळ्या धुळीने गाव माखतं. धूळ आणि बुरशी नव्या फुप्फुसाला चालत नाही, म्हणून तो सीझनभर मास्क लावून घरात बसून फोनवर सौदे करतो. "आयुष्यभर नाकानं हळद ओळखली मी," तो परवा म्हणाला, "आता फोटो बघून भाव सांगायलोय."

गेल्या मेमध्ये मी वसमतला गेले तेव्हा वहिनीने तिची वही दाखवली. शाळेची दोनशे पानी, मुलाची उरलेली. रोजचं वजन, ब्लडप्रेशर, पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, कुठली गोळी किती वाजता. हैदराबादमधल्या पहिल्या दिवसापासून. एकही दिवस गाळलेला नाही. माझ्या ऑफिसमध्ये असा स्वच्छ डेटा मी बघितलेला नाही!

मी लगेच लॅपटॉप काढला आणि आकडे एक्सेलमध्ये भरत बसले. दुपारी चारपर्यंत ग्राफ तयार. आदल्या आठवड्यात दोन दिवसांत वजन पावणेदोन किलो उतरलेलं, लघवी निम्म्यावर. मी हुशारीने स्क्रीन वळवून दाखवली. "वहिनी, हे बघा, इथे धोका होता."

वहिनीने वहीचं तेच पान काढलं. त्या दोन तारखांभोवती लाल पेनने गोल केलेला होता. समोर बारीक अक्षरात: 'जुलाब. हैद्राबादला फोन केला. गोळी निम्मी सांगितली. पाणी अडीच लिटर. रक्त दिलं.'

"तुझं मशीन हे आधी सांगत असेल तर सांग," ती म्हणाली, "मी वही द्यायला तयार आहे. झेरॉक्स काढून घे. वही नेऊ नको, मला रात्रीची गोळी लिहायचीय."